लेझर पॉइंटरच्या भिंगाची धूर व काजळीपासून जपणूक

गावोगावच्या शेतीशाळांतून चित्रे दाखवून मार्गदर्शन करण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. पडद्यावरील चित्रात नेमके कोठे पाहावयाचे, हे दाखविण्यासाठी कार्यकर्त्याजवळ पूर्वी वेताची छडी असे. आता लेझर पॉइंटर असतो. हे साधन बोटभर लांबीचे असल्याने त्याच्या निगेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तथापि, त्याच्या टोकाशी असलेले मसुराच्या दाण्याएवढे भिंग धुराने मळले, तर सांगणाऱ्याचे श्रम आणि ऐकणाऱ्याचा वेळ दोन्ही वाया जातात. एवढेच नव्हे, तर पिकाचेही नुकसान होऊ शकते. प्रस्तुत लेखकाने हे स्वतः अनुभविले आहे.

एका चुकीची हकीकत

वाशीम जिल्ह्यातील एका गावी ऑगस्ट महिन्यात सायंकाळी सोयाबीनची शेतीशाळा भरली होती. पावसामुळे मंडळी समाजमंदिरात बसली. विषय चक्रीभुंग्याचा होता. या किडीची मादी देठावर किंवा खोडावर थोड्या अंतराने दोन खाचा, म्हणजे चकत्या, पाडते व त्या दोहोंच्या मधल्या भागात अंडी घालते. वरचा भाग सुकू लागतो. अळी मात्र आत शिरून खाली पोखरीत जाते. म्हणून कीडग्रस्त भाग खालच्या चकतीच्याही खालून तोडून नष्ट करावयाचा असतो.

पडद्यावर ठिपका टाकून मी म्हणालो, “येथून मोडा.” ठिपका मला खालच्या चकतीखाली दिसत होता, मागे बसलेल्यांना मात्र लालसर धूसर डाग दिसला, आणि त्या डागात दोन्ही चकत्या झाकल्या गेल्या होत्या. पुढच्या आठवड्यात शेतावर गेलो, तेव्हा एका शेतकरी बंधूने मोठ्या कष्टाने ओळीच्या ओळी तपासून सुकलेले शेंडे वरच्या चकतीपासून मोडलेले आढळले. अंडी झाडातच राहिली होती. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही दाखवलं तिथूनच मोडलं.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. समाजमंदिराच्या ज्या कपाटात मी तो पॉइंटर दोन महिने ठेवला होता, त्याच्या पलीकडेच स्वयंपाकाची चूल होती आणि तीत ओली पऱ्हाटी जळत असे.

धुराने भिंग का बिघडते?

पॉइंटरमधील लेझरचा प्रकाश मुळात पसरट निघतो. त्याला सरळ, बारीक शलाकेचे रूप देण्याचे काम भिंग करते. ओले लाकूड, पऱ्हाटी किंवा गोवरी जळताना निघणाऱ्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात, तसेच डांबरासारखे चिकट द्रव्यही असते. भिंगावर या द्रव्याचा थर बसला की त्यावर धूळ चिकटते. प्रकाश या थरावर आदळून इतस्ततः विखुरतो. ठिपका मंद होतो व त्याभोवती खळे पडते. उदबत्ती, डासांची अगरबत्ती व बिडी यांच्या धुराचाही परिणाम असाच होतो. पावसाळ्यातील दमट हवेत हा थर अधिक चिवट बनतो.

स्वस्त पॉइंटरचे भिंग पुष्कळदा काचेचे नसून प्लॅस्टिकचे असते. त्यावर काजळी असताना सदऱ्याच्या टोकाने घासल्यास धुळीचे खडे ओरखडे पाडतात. तंबाखू मळलेल्या बोटांचा चुनाही असाच घातक होय. काजळी पुसता येते. ओरखडा मात्र कायमचा राहतो.

साफ करण्याची रीत

१. प्रथम सेल काढून ठेवावेत. पॉइंटर चालू असताना भिंगाकडे कधीही पाहू नये.

२. हात साबणाने धुऊन कोरडे करावेत.

३. भिंग खाली धरून रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये. थुंकीचे तुषार उडतात.

४. औषधी दुकानातील स्वच्छ कापूस बारीक काडीवर गुंडाळावा. शेतातील सरकीयुक्त कापूस वापरू नये.

५. उकळून गाळलेल्या, थंड केलेल्या पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून कापूस जेमतेम ओला करावा. पाणी भिंगावर ओतू नये.

६. मध्यापासून कडेकडे हलक्या हाताने एकदाच फिरवावा व तो बोळा टाकून द्यावा. गरज पडल्यास नवा बोळा साध्या पाण्याचा घ्यावा. शेवटी कोरडा बोळा टेकवून ओल टिपावी.

७. रॉकेल, पेट्रोल, थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव्य वापरू नये. यांनी प्लॅस्टिकचे भिंग पांढुरके होते किंवा तडकते.

पूर्ण वाळल्यावरच सेल घालावेत.

बिघाड होण्यापूर्वीची काळजी

पॉइंटर टोपण लावून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा. औषधाच्या बाटलीत येणारी ओल शोषणारी पुडी डबीत टाकल्यास उत्तम. चुलीजवळची फळी, देवघराचा कोनाडा व उन्हात उभ्या गाडीची पेटी या तिन्ही जागा वर्ज्य समजाव्यात. आपल्याकडील उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि उष्णतेने लेझरचेही आयुष्य घटते. सभेत वापर नसेल तेव्हा पॉइंटर खिशात असावा. चहाची चूल सभेच्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास मांडावी.

सभेपूर्वी दहा पावलांवरून चुन्याच्या भिंतीवर ठिपका पाडून पाहावा. साधन नवे असतानाच कागदावर त्या ठिपक्याची कड पेन्सिलीने आखून ठेवली, तर पुढे तुलना सोपी जाते. ठिपका आखलेल्या कडेबाहेर पसरला की भिंग मळले आहे, असे समजावे.

ठिपका मंद झाला म्हणून अधिक शक्तीचा पॉइंटर आणण्याचा मोह टाळावा. एक मिलिवॅटपर्यंतचा पॉइंटर सभेस पुरेसा असतो. जास्त शक्तीच्या शलाकेने डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. शिवाय भिंगावरील घाण त्या उष्णतेने तेथेच करपून बसू शकते. शलाका माणसे, जनावरे किंवा वाहने यांच्यावर कधीही रोखू नये, व साधन मुलांच्या हाती देऊ नये.

कीड पाहण्याचे हातभिंग, चित्रे दाखविणाऱ्या प्रोजेक्टरचे भिंग, तसेच जमीन समपातळीत आणणाऱ्या लेझर यंत्राची काच यांनाही धूर व धूळ यांचा असाच उपद्रव होतो. शेतकरी बंधूंनी धुऱ्यावरील गवत व सोयाबीनचे कुटार न पेटविता त्याचे खत केले, तर या साधनांबरोबर जमिनीचेही हित साधेल.

त्या शेतकरी बंधूंच्या शेतात आम्ही दोघांनी मिळून उरलेली झाडे पुन्हा तपासली व खालच्या चकतीखालून मोडली. अर्धा दिवस गेला. भिंग पुसावयास पाच मिनिटे लागली असती. ग्रामकार्यकर्त्यांनी ही पाच मिनिटे प्रत्येक सभेपूर्वी काढावीत, आणि मागच्या रांगेतील एका माणसाला “ठिपका कोठे दिसतो?” असे विचारल्याशिवाय पुढे बोलू नये.