प्रकाश हवा, चकाकी नको

दिवाळीनंतरच्या आठवड्यात 68 वर्षांच्या एक काकू दवाखान्यात आल्या. “डॉक्टर, नंबर वाढलाय वाटतं. ओट्यापाशी उभी राहिले की नीट दिसत नाही,” अशी त्यांची तक्रार होती. उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन पूर्वीच झालेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू बेताचा. नंबरात थोडा फरक आढळला, म्हणून मी चष्मा बदलून दिला.

तीन आठवड्यांनी काकू मुलाला घेऊन पुन्हा आल्या. या वेळी मनगटाला बँडेज होते. तापलेल्या कढईची कडच त्यांना दिसली नव्हती. “दिवे वाढवले आणि दिसायचं कमी झालं हो,” त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे मी विचारले, “कुठले दिवे?” मुलाने कौतुकाने सांगितले, की दिवाळीत स्वयंपाकघर नवे केले, कपाटांखाली एल.ई.डी.ची पट्टी लावली, ओट्याला काळा ग्रॅनाइट बसवला. हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता.

त्यांचे घर माझ्या वाटेवरच आहे, म्हणून संध्याकाळी डोकावलो. वरच्या कपाटाच्या तळाला, मागच्या भिंतीलगत, उघडी पट्टी नुसती चिकटवलेली होती. खालच्या चकचकीत ग्रॅनाइटमध्ये त्या दिव्यांची हुबेहूब दुसरी ओळ दिसत होती. काकू ज्या जागी कढई ठेवत, नेमके तिथेच ते लखलखते ठिपके होते. दोन मिनिटांत माझेही डोळे दिपले.

डोळे का दिपतात?

या पट्टीवरचा एकेक दिवा तांदळाच्या कणीएवढा असतो. एवढ्याशा जागेतून भरपूर प्रकाश बाहेर पडतो, म्हणून तो बिंदू फार प्रखर दिसतो. तोच प्रकाश रुंद जागेवर पसरला तर डोळ्यांना सौम्य वाटतो.

उतारवयात याचा त्रास दुप्पट होतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, म्हणून वडीलधाऱ्यांना प्रकाश जास्त लागतो हे खरे. पण गढूळ होत चाललेल्या भिंगात प्रखर प्रकाश विखुरतो आणि दृश्यावर पांढुरका पडदा धरल्यासारखे होते. रात्री समोरून ट्रकचा झोत डोळ्यांवर आला की कडेचा सायकलस्वार दिसेनासा होतो, तसेच हे. म्हणून आजी-आजोबांच्या घरात नियम एकच: प्रकाश वाढवा, पण दिवा नजरेआड ठेवा.

चॅनेल आणि डिफ्यूजर

यासाठी बाजारात अॅल्युमिनियमची पन्हळीसारखी पट्टी मिळते. तिला चॅनेल म्हणतात, काही दुकानदार प्रोफाइल म्हणतात. दिव्यांची पट्टी तिच्या तळाशी चिकटवायची आणि वरून दुधी प्लॅस्टिकचे झाकण दाबून बसवायचे. हे झाकण म्हणजे डिफ्यूजर. अॅल्युमिनियम दिव्यांची उष्णता ओढून घेते, त्यामुळे दिवे जास्त टिकतात. उघडी पट्टी उष्णतेने आणि फोडणीच्या वाफेने सुटून लोंबकळते, तेही टळते.

झाकण पारदर्शक घेऊ नका, दुधी घ्या. दुधी झाकणाने प्रकाश थोडा कमी होतो, पण डोळ्यांना तेच हवे. मात्र झाकण लावूनही ठिपके दिसत असतील तर चॅनेल उथळ आहे असे समजावे. दिव्यांत जितके अंतर, निदान तितकेच अंतर दिवे आणि झाकण यांच्यात असावे, हा सोपा हिशेब आहे. मीटरला 60 दिवे असलेल्या पट्टीत दोन दिव्यांमध्ये सुमारे 17 मि.मी. अंतर असते, आणि नेहमीचे पातळ चॅनेल त्याच्या निम्म्यानेही खोल नसते. अशा चॅनेलसाठी मीटरला 120 किंवा त्याहून अधिक दिव्यांची पट्टी घ्यावी. अखंड प्रकाशरेषा देणारी, ‘सी.ओ.बी.’ नावाने मिळणारी पट्टी घेतल्यास ठिपक्यांचा प्रश्नच राहत नाही.

ओट्यासाठी तिरक्या तोंडाचे कोपऱ्याचे चॅनेल उत्तम. ते कपाटाच्या पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला, तोंड भिंतीकडे करून बसवावे. पुढे दोन-तीन सें.मी.ची लाकडी पट्टी सोडली की दिवा नजरेला पडत नाही आणि प्रकाश कढईवर पडतो. दिवाणखान्यात पी.ओ.पी.च्या खाचेत पट्टी लावताना तिचे तोंड छताकडे असावे.

बसवताना घ्यायची काळजी

ही पट्टी बहुधा 12 किंवा 24 व्होल्टवर चालते. घरातल्या 230 व्होल्टच्या विजेचे रूपांतर करणारा डबा, म्हणजे ड्रायव्हर, त्यासाठी लागतो. पट्टी आणि ड्रायव्हर यांचे व्होल्ट सारखेच हवेत. समजा, पट्टी मीटरला 10 वॅट घेते आणि लांबी 5 मीटर आहे, तर भार 50 वॅट झाला. ड्रायव्हर 60 वॅटचा घ्या. अगदी काठोकाठ घेतलेला ड्रायव्हर तापतो. त्यावर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आहे का, तेही पाहा. ड्रायव्हर पी.ओ.पी.मध्ये बंद करून टाकू नका. हवा लागेल आणि हात पोहोचेल अशा जागी ठेवा. पट्टी कापायची तर कात्रीच्या खुणेवरच कापा. 12 व्होल्टची लांबच लांब पट्टी एकाच टोकाने जोडली तर दुसरे टोक मंद होते. तिला दोन्ही टोकांनी वीज द्यावी.

230 व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. चॅनेल चिकटवण्याचे काम घरी करता येते, पण एक गोष्ट डोळ्यांचा डॉक्टर म्हणून कळकळीने सांगतो. करवतीने अॅल्युमिनियम कापताना आणि डोक्यावर ड्रिल चालवताना संरक्षक चष्मा लावा. धातूचा कण बुबुळात रुतलेले रुग्ण मी नेहमी पाहतो. ‘दोनच मिनिटांचं काम होतं,’ असे प्रत्येक जण सांगतो. कण रुतलाच तर डोळा चोळू नका, काडीने काढायला जाऊ नका. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

डोकेदुखी आणि लुकलुक

नव्या दिव्यांखाली बसले की डोके दुखते, अशीही तक्रार असते. हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काहींच्या डोक्याला जाणवते. 1989 साली ब्रिटनमध्ये अर्नॉल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयातील ट्यूबलाइटची लुकलुक घालवून पाहिली. कर्मचाऱ्यांची डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून खाली आला.

घरी तपासायला मोबाइलचा कॅमेरा पट्टीसमोर धरा. पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर ड्रायव्हर किंवा प्रकाश कमी-जास्त करणारे बटण बदलून पाहा. रंग बदलत भराभर उघडझाप करणारे दिवे फिट येणाऱ्या व्यक्तीच्या घरात त्या पद्धतीने लावूच नयेत.

पांढरा की पिवळसर?

एल.ई.डी.चा पांढरा प्रकाश मुळात निळ्या दिव्यावर पिवळसर लेप देऊन तयार होतो. हा निळा दिवा शोधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. एल.ई.डी.ने डोळे जातात ही भीती मात्र अनाठायी आहे. घरातल्या नेहमीच्या वापराने निरोगी डोळ्याला इजा होते असा पुरावा नाही, असा निर्वाळा युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने 2018 साली दिला.

झोपेची गोष्ट वेगळी. प्रकाशातला निळा अंश मेंदूला ‘दिवस आहे’ असे सांगतो आणि झोप आणणारा मेलॅटोनिन हा स्राव दबतो. म्हणून झोपायच्या खोलीत 2700 ते 3000 केल्विनची पिवळसर पट्टी घ्या आणि ती मंद ठेवा. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर 4000 केल्विनची चालेल. 6500 केल्विनचा निळसर पांढरा प्रकाश रात्री घरात नको.

पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर, भिंतीच्या पायथ्याशी, दुधी झाकणाची मंद पिवळसर पट्टी लावता आली तर अवश्य लावा. माणूस चालला की आपोआप लागणारे बटणही मिळते. रात्री अंधारात पडून खुबा मोडलेले वृद्ध पाहिले की या खर्चाचे मोल कळते. न्हाणीघरात मात्र पाणी आत न शिरणारी, ‘आय.पी. 65’ लिहिलेलीच पट्टी घ्या.

दिव्याचा दोष की डोळ्याचा?

दिवे बदलूनही चकाकीचा त्रास होत असेल तर डोळे तपासून घ्या. मोतीबिंदूची सुरुवात अशीच असू शकते. दिव्याभोवती रंगीत कडी दिसून डोळा दुखू लागला, लाल झाला, मळमळ झाली, तर तो काचबिंदूचा झटका असू शकतो. त्यात सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टर गाठा.

काकूंच्या मुलाने पुढच्याच रविवारी चॅनेल बसवून घेतले. काम एका दुपारचे होते. महिन्याने त्या मनगट दाखवायला आल्या, जखम भरली होती. “आता कढई दिसते, दिवा दिसत नाही,” त्या हसून म्हणाल्या. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन पुढे करावे लागेलच, ते दिव्याने टळणार नाही.

आपल्या घरी पट्टी लावून झाली की एक करा. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला ओट्यापाशी उभे करा, तिच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवा आणि दिवा डोळ्यांत जातो का ते विचारा. ‘हो’ म्हणाली तर काम पुरे झालेले नाही असे समजा.