होडींतून गळ ओढण्यासाठीं लांब काठ्यांची निवड

नामपुराच्या वरच्या अंगास मोसम नदीवर हरणबारीचें धरण आहे. अशा जलाशयांत काठावर बसून एक गळ टाकणें सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु होडी संथ चालवीत एकाच वेळीं अनेक काठ्या पाण्यावर धरून ठेवण्याची रीत आपल्याकडे विशेष रूढ नाहीं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत क्रॅपी नांवाच्या माशासाठीं ती फार चालते. तेथें होडीच्या पुढील टोकास सहा-आठ काठ्या पंख्यासारख्या मांडतात व होडी ताशीं एक मैल किंवा त्याहूनहि कमी वेगानें नेतात. ज्यांस ही रीत करून पाहावयाची असेल, त्यांनीं काठीची निवड आधीं नीट समजून घ्यावी.

काठी लांब असल्यानें आमिष होडीच्या सावलीपासून दूर राहतें, आणि शेजारच्या काठ्यांचीं टोकें फांकलेलीं असल्यामुळें दोरे गुंतत नाहींत. पुढील बाजूस मांडावयाच्या काठ्या सर्व एका लांबीच्या व एकाच ताठपणाच्या असाव्या. एक मऊ व दुसरी ताठ असली, तर मासा लागला कीं लाट लागली हें टोकांकडे पाहून ओळखतां येत नाहीं. होडीच्या कडेनें मांडावयाच्या झाल्यास मात्र लांबी उतरती ठेवावी. पुढची १६ फूट, मग १४, १२, १०. असें केल्यानें प्रत्येक दोरा आपल्या स्वतंत्र वाटेनें जातो.

तथापि लांबीचा लोभ धरूं नये. १४ फुटी काठीचा बुंधा एका हातीं दाबून दुसरा हात दोन फुटांवर धरला, तर टोकाचें ओझें त्या हातास सातपट लागतें. अर्धा किलोचा मासा उचलतांना साडेतीन किलोचा भार होतो, आणि काठीचें स्वतःचें वजन निराळेंच. १० फुटी काठीस तोच भार अडीच किलो. एकट्या माणसास माझ्या मतें १२ फुटी चार काठ्या पुरे. आठ काठ्या सांभाळण्यास आठ हात लागतात.

आपल्या शेतकऱ्यास वेळू स्वस्त पडतो. मानवेल जातीचा बांबू जाड सालीचा, पुष्कळदां भरीव असतो. मजबूत खरा, पण जड. म्हणून त्यांतील बारीक, जवळ पेरांचा व सरळ पाहावा. पांढरी भुकटी व खोळ अंगावर असलेला कोंवळा वेळू घेऊं नये. तीन वर्षांचा पक्का घ्यावा. तोड पावसाळ्यानंतर थंडीत करावी. कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवल्यास त्यांतील पिठूळ अंश निघून जातो व कीड कमी लागते. नंतर सावलींत वाळवावा, वांक असल्यास आंचेवर शेकून सरळ करावा व जवसाचें तेल चोळावें.

दुकानी काठ्यांत काचतंतूची काठी चिवट पण जड, तर कार्बनची हलकी व ताठ, परंतु ठेंच लागल्यास तडकणारी असते. १४ फुटांच्या पुढें कार्बनचा हलकेपणा खरोखर उपयोगी पडतो. काठी आडवी धरून टोकास पाव छटाकाएवढें शिसें टांगावें. टोक थोडें लवावें, मध्यभाग लवूं नये. क्रॅपीचें तोंड फार नाजूक असतें, झटका बसला कीं फाटतें. म्हणून तिकडे टोक अति मऊ ठेवतात. आपल्याकडील शिवडा मोठा व बळकट, मरळहि झुंजार. त्यांस तशी काठी कुचकामी होय. टोक मऊ चालेल, पण कंबर ताठच हवी. रोहू, कटला हे मासे चालत्या आमिषामागें सहसा लागत नाहींत. त्यांच्यासाठीं हा खटाटोप करूं नये.

जलाशयांतील मासेमारीचा हक्क पुष्कळ ठिकाणीं मच्छीमार सहकारी संस्थेस ठेक्यानें दिलेला असतो. दप्तरांत उमेदीचीं वर्षें गेल्यामुळें सांगावेसें वाटतें, कीं होडी पाण्यांत घालण्यापूर्वीं परवानगी लेखी घ्यावी. तोंडी संमति वादाच्या वेळीं उपयोगी पडत नाहीं.

सर्वांत मोठा धोका निराळा आहे. काठावरील पंपांसाठीं ११,००० व्होल्टच्या तारा ठिकठिकाणीं जातात. पाणी चढलें कीं होडी व तार यांतील अंतर कमी होतें. कार्बनची काठी वीज वाहून नेते. ओला वेळूहि त्या कामीं कमी नाहीं. टोक तारेच्या अगदी जवळ गेलें तरी स्पर्शाविना ठिणगी पडूं शकते. म्हणून तारेखालून जातांना काठ्या पाण्याशीं समांतर खालीं कराव्या, शक्य तर ती वाटच टाळावी. वळवाच्या दिवसांत गडगडाट ऐकूं येतांच सर्व काठ्या होडींत आडव्या ठेवून काठ गांठावा.