भरती, नेमणूक आणि वेठ

शारजा औद्योगिक क्षेत्रात कामगार आणण्याला आपण सहज ‘भरती’ म्हणतो. हा शब्द ‘भरणे’वरून आला, त्यात रिकामी जागा दिसते, माणूस नव्हे. ‘नेमणूक’ मात्र व्यक्तीची होते. अरबीतील ‘तौझीफ’ही ‘वझीफा’, म्हणजे पद, याच धातूतला.

सक्तीच्या, विनामोबदला श्रमाला मराठीत ‘वेठ’ म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत ‘विष्टि’. ऊसतोड मजुराला मुकादमाची ‘उचल’ बांधून ठेवते; आखातात येणाऱ्याला दलालाला देण्यासाठी काढलेले कर्ज. दोघांनाही काम सोडण्याची मोकळीक उरत नाही.

म्हणूनच अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास मालकाला मनाई केली आहे. आपल्या आस्थापनेतील भरतीचा खर्च नेमका कोणी भरला, हे आपण अवश्य विचारावे.