विज्ञान दिनानंतरचे रामन

शाळेच्या पुस्तकातले चंद्रशेखर वेंकट रामन १९३० साली नोबेल घ्यायला स्टॉकहोमला जातात आणि गोष्ट तिथेच संपते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला त्यांचं नाव निघतं, समुद्राच्या निळाईचा किस्सा सांगून होतो आणि मुलं घरी जातात. नोबेलनंतर रामन आणखी चाळीस वर्षं जगले, त्यांतली सदतीस बंगळुरूत. या काळात हाती घेतलेले विषय बदलत गेले, पण एका प्रश्नाने त्यांची पाठ सोडली नाही: रंग येतो कुठून?

सुरुवात अर्थात त्या किस्स्यापासूनच. १९२१ साली इंग्लंडहून 'नारकुंडा' बोटीने परतताना बत्तीस वर्षांच्या रामन यांनी खिशातल्या निकोल प्रिझममधून समुद्र पाहिला. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रॅले यांचं मत होतं. प्रिझमने पृष्ठभागावरचं परावर्तन अडवलं, तरी निळाई गेली नाही. मग ती पाण्याचीच, म्हणजे पाण्याच्या रेणूंनी विखुरलेल्या प्रकाशाची. याबद्दल त्यांनी लिहिलेल्या टिपणावर २६ सप्टेंबरची तारीख आहे आणि पत्ता मुंबई बंदराचा. मुंबईकरांनी त्याचं थोडं कौतुक करायला हरकत नाही.

१९३३ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक म्हणून बंगळुरूत आले. चारच वर्षांत वाद होऊन संचालकपद सुटलं, पण भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते १९४८ पर्यंत तिथेच राहिले. मला त्या वादापेक्षा त्या काळातलं त्यांचं टेबल जास्त रंजक वाटतं. दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात त्या चास पक्ष्याची पिसं, आतून चमकणारे शिंपले, पुढे स्वतःची संस्था काढल्यावर लॅब्रॅडोराइट, ओपल, मोती. चासाच्या पिसातला निळा हा रंगद्रव्याचा नव्हे, तर पिसाच्या सूक्ष्म रचनेचा, हे त्यांनी १९३४ मध्ये स्वतःच स्थापन केलेल्या अकादमीच्या नियतकालिकात मांडलं.

सत्तरी ओलांडल्यावर ते फुलांकडे वळले. लहानसा वर्णपटदर्शक घ्यायचा आणि पाकळीवरून येणारा प्रकाश उकलून पाहायचा, एवढीच साधनसामग्री. पिवळ्या फुलातून फक्त पिवळा प्रकाश येत असेल, असं आपण सहज धरून चालतो. प्रत्यक्षात हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे सगळे परत येतात. पाकळी गिळते तो निळा. उलट जांभळटपणाकडे झुकणाऱ्या फुलांच्या वर्णपटात पिवळ्याच्या जागी अंधार सापडतो. डोळ्याला एकसंध वाटणारा रंग मोजायला गेलं की असा पसारा निघतो. रामन यांच्या या नोंदी आजही वाचाव्यात अशा आहेत.

घोळ झाला तो पुढच्या पायरीवर. डोळा हा पसारा वाचतो कसा? यंग, हेल्महोल्ट्झ आणि मॅक्सवेल यांच्या परंपरेचं उत्तर होतं: तीन प्रकारच्या ग्राहकांनी. रंगमापनाचा सगळा व्यवहार या तीन ग्राहकांवर बेतलेल्या तीन आकड्यांवर उभा होता. १९३१ चं आंतरराष्ट्रीय प्रमाण इंग्लंडमधल्या अवघ्या सतरा माणसांच्या नजरेची सरासरी काढून ठरलेलं होतं. रामन यांना हा सिद्धान्तच अमान्य होता. वर्णपटातल्या प्रत्येक रंगाची संवेदना स्वतंत्र आहे, ती तिघांच्या बेरजेतून होत नाही, असं ते म्हणत. रंगीत काचेतून उजळ पडद्याकडे एकटक बघायचं आणि काच झटकन काढायची; क्षणभर स्वतःच्याच डोळ्याचा पडदा समोर उमटतो. असे त्यांचे प्रयोग. कल्पना सुरेख, पण साक्षीदार एकच: त्यांचा स्वतःचा डोळा.

नेमक्या त्याच सुमारास, १९६४ मध्ये, अमेरिकेतल्या दोन गटांनी डोळ्यातल्या एकेका शंकुपेशीचं, म्हणजे रंग टिपणाऱ्या ग्राहकाचं, प्रकाशशोषण मोजलं आणि तीन प्रकार प्रत्यक्ष दाखवले. त्यांतल्या एका गटातले जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टीवरच्या संशोधनासाठी १९६७ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. रामन यांचं दृष्टीवरचं पुस्तक आलं १९६८ मध्ये, त्यांच्याच अकादमीतर्फे. मला वाटतं, अडचण वयाची नव्हती. संस्था स्वतःची, नियतकालिक स्वतःचं, सरकारी पैसा नको हा बाणा. या स्वातंत्र्यामुळेच म्हातारपणी फुलं बघत बसायची मोकळीक मिळाली, आणि त्याचमुळे 'सर, हे चुकतंय' म्हणणारं जवळ कुणी उरलं नसावं. समुद्राच्या बाबतीत रॅलेंना खोटं ठरवणारा डोळा इथेही बरोबरच असणार, असा त्यांचा विश्वास होता.

दर २ ऑक्टोबरला ते आपल्या संस्थेत गांधी स्मृती व्याख्यान देत. १९७० चं व्याख्यान शेवटचं ठरलं; त्यानंतर सात आठवड्यांनी, २१ नोव्हेंबरला ते गेले. त्या शेवटच्या व्याख्यानाचा विषय होता कान: आपल्याला ऐकू कसं येतं.