भिंतीचा कागद, सोफ्याचं कापड

वॉलपेपर आणि सोफ्याचं कापड एकाच नक्षीचं घेण्याचा मोह आवरा. सोफा भिंतीत हरवतो. भिंतीवर मोठी वेलबुट्टी असेल तर कापड साधं किंवा बारीक रेघांचं घ्यावं. रंग मात्र त्या वेलीतलाच उचलावा, शक्यतो सर्वांत कमी दिसणारा.

वॉलपेपरचा प्रचलित रोल ५३ सेंटिमीटर रुंद, १० मीटर लांब, म्हणजे हिशेबाने ५७ चौरस फूट. पण नक्षी ६४ सेंटिमीटरवर पुन्हा येत असेल, तर ती जुळवताना पट्टीगणिक तुकडे वाया जातात. सोफ्याच्या कापडाचा पन्हा बहुधा ५४ इंच. प्रत्येक गादीवर फूल मधोमध हवं असेल तर इथेही जादा कापड लागतं. (हे कळतं ते बिलाच्या वेळी!)

इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस यांची ‘स्ट्रॉबेरी थीफ’ ही १८८३ ची नक्षी मूळची कापडावरची. आता ती वॉलपेपरवरही मिळते. दोन्ही एकाच खोलीत? माझ्या मते नको.

नमुने घरी आणून दिवसा खिडकीशी आणि रात्री दिव्याखाली पाहा. कागदाचे आणि कापडाचे रंग वेगळ्या रसायनांचे असतात. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेला पोपटी घरच्या पिवळ्या दिव्यात फटकून वागतो.