शनिवारची मुदत

दिवाळीनंतर आम्ही त्या बड्या पोर्टलवरचं दुकान बंद केलं. उघडताना कागदपत्रांसाठी महिना घालवला होता. बंद करताना 'का?' एवढंही कुणी विचारलं नाही. निमित्त एका पाकिटाचं. मे महिन्यात इथून, मढहून, गेलेले अर्धा किलो सुके बोंबील. तक्रार आली सप्टेंबरच्या शेवटाला: बुरशी लागली. फोटो नाही, पाकिटावरचा बॅच क्रमांक नाही, माल परत पाठवण्याची भाषा नाही. आम्ही उत्तर लिहीपर्यंत गिऱ्हाइकाला पैसे मिळालेसुद्धा, आणि ते आमच्या पुढच्या हिशेबातून कापले गेले. रक्कम मोठी नव्हती. पण चार महिन्यांनी आलेल्या माणसाला एक प्रश्नही विचारायचा नाही, अशा पद्धतीने धंदा करायला आईने मला शिकवलं नव्हतं.

आई मरोळला बसायची. मरोळचा सुक्या मासळीचा बाजार शनिवारचा. मढ-वेसाव्यापासून उत्तन-वसईपर्यंतच्या कोळणी तिथे माल घेऊन येतात. तक्रारीची मुदत तिथे कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होती: पुढचा शनिवार. गिऱ्हाईक पिशवीतून मासळी काढायचं, आई ती मोडून बघायची, हुंगायची आणि मग विचारायची, "बाय, डबा कुठं ठेवलेला?" पुष्कळसा निकाल त्या उत्तरातच लागायचा. महिन्याने आलेल्या बाईलाही ती हाकलत नसे. मासळी आणलीय का, एवढंच बघायची. लबाडी तेव्हाही होती. दुसरीकडचा माल आईच्या गळ्यात मारू बघणारे यायचेच. पण आपल्या वलांडीवर वाळलेला बोंबील ती ओळखायची, आणि शेजारच्या चारजणी मान डोलावून साक्ष द्यायच्या. पुढे तिच्याकडूनच माल घ्यायचा असल्याने गिऱ्हाईकही फार ताणत नसे.

नव्वदीचं दशक आणि त्यानंतरची काही वर्षं मी भराभर ओलांडते, कारण आमच्या धंद्यापुरतं त्यांत काही घडलं नाही. मॉल आले, मढच्या बंगल्यांमध्ये मालिकांची शूटिंगं वाढली, बोंबील जबड्यात जबडा अडकवून होते तसेच वाळत राहिले.

खरं बदललं ते २०११ नंतर. मी फेसबुकवर पान उघडलं आणि आईच्या मालाचे फोटो टाकले. नागपूरहून विचारणा आली, मग बंगळूरहून, मग पुण्यातल्या अशा लोकांची ज्यांच्या सोसायटीत सुकट भाजली तर शेजारी दार वाजवतात. कुरिअरवाले वासाचा माल म्हणून नाक मुरडायचे, म्हणून दुहेरी पाकीट, त्यावर सील, त्यावर खोका. आमचा पिनकोड ४०००६१, म्हणजे वेसाव्याचाच. पण वेसावा आणि आमच्यामध्ये खाडी, आणि रस्त्याने यायचं तर मालाडवरून. पार्सल उचलणारा मुलगा हमखास वेसाव्याच्या धक्क्यावर उभा राहून फोन करायचा. शेवटी मीच पिशव्या घेऊन फेरीबोटीने पलीकडे जायला लागले. त्या वर्षांबद्दल मला अजून माया वाटते. पैसे आधी यायचे किंवा नंतर यायचे, पण यायचे.

तक्रारीही यायच्या, आणि उशिराच यायच्या. यात आश्चर्य नाही, हे आधी सांगायला हवं. १ जून ते ३१ जुलै राज्यात मासेमारी बंद, म्हणून लोक मे महिन्यात आगोटीची बेगमी करतात. आषाढातली गटारी झाली की श्रावण. मग गणपती. श्रावण पाळणाऱ्या घरात मेमध्ये आणलेला एखादा डबा सप्टेंबरपर्यंत उघडलाच जात नाही, आणि मधले सगळे महिने दमट. तेव्हा सप्टेंबरातली तक्रार खोटी असलीच पाहिजे असं मी कधी मानलं नाही. अमरावतीच्या एका बाईंनी गणपती उठल्यावर जवळ्याबद्दल लिहिलं होतं. सुरुवातच 'उशीर झालाय, माझीही चूक असेल' अशी. वरचा थर चांगला, तळाचा ओलसर, दोन भाज्या झाल्या, उरलेला असा दिसतो, म्हणून फोटो. त्यांना मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि दसऱ्याला दुसरा जवळा पाठवला. पुढे अनेक वर्षं त्यांची आगोट माझ्याकडूनच गेली.

संशयास्पद तक्रारीची ठेवण वेगळी. ती रकमेपासून सुरू होते. मासळी कोणती, किती उरली, कुठे ठेवली, यातलं काही नसतं. दुसऱ्या ओळीत एक तारा देण्याची धमकी असते. आणि प्रश्न विचारला की उत्तराऐवजी तोच मजकूर पुन्हा येतो, या वेळी उद्गारचिन्हांसह.

२०१६ च्या नोटाबंदीने आम्हाला अशा लोकांच्या आणखी जवळ नेलं. बाजारात रोख नव्हती. मरोळला आई रिकाम्या हाताने बसून आली. मी युपीआय घेतलं आणि पुढच्या वर्षी त्या पोर्टलवर दुकान मांडलं. तिथे माल घरी आल्यावर पैसे देण्याची सोय होती, आणि त्या सोयीने आमची पार्सलं भिवंडीच्या गोदामांची यात्रा करून परत यायला लागली: 'ग्राहक घरी नाही', 'ग्राहकाने नाकारलं'. परतीच्या वाहतुकीचा खर्च आमचा. तेही चाललं असतं.

५ डिसेंबर २०१७ ची सकाळ इथल्या कुणालाही विसरता येणार नाही. ओखी वादळ गुजरातकडे सरकत होतं आणि मुंबईत डिसेंबरात पाऊस. वलांड्यांवरचे बोंबील, खळ्यावरचा जवळा, सगळं भिजलं. भिजलेला माल आम्ही विकला नाही, तो खतात गेला. बातमी मात्र सगळीकडे पोचली होती. फेब्रुवारीत तक्रारींचा सपाटा सुरू झाला: 'ओखीत भिजलेला माल पाठवलात.' यातली निम्मी पाकिटं नोव्हेंबरात सुकवलेली, महिना त्यांवर छापलेला. वादळाच्या आधी निघालेला बोंबील वादळात कसा भिजला, असं मी पोर्टलला लिहिलं. उत्तर आलं की ग्राहकाचा अनुभव आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच महिन्यात दोन वेगवेगळ्या शहरांतल्या दोन गिऱ्हाइकांकडून बुरशीचा फोटो आला, तेच ताट, तोच टेबलक्लॉथ, आणि ताटाशेजारी लाल दोऱ्याने बांधलेली पिशवी. आम्ही दोरा वापरतच नाही, गरम सील करतो. दोघांनाही पैसे मिळाले.

मासळीचं नाव खराब, म्हणून आमच्याच वाट्याला हे येतं, असं मला तेव्हा वाटायचं. तसं नव्हतं. त्याच २०१७ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका तरुणाला पकडलं. त्याने दीडशेहून जास्त महागडे फोन मागवले होते आणि दर वेळी 'खोका रिकामा आला' म्हणून परतावा घेतला होता. हिशेब पन्नास लाखांच्या घरात गेला, तेव्हा कुठे कंपनीला शंका आली. माझ्या मते या घसरणीची तारीख आणखी मागची आहे. २००८ च्या मे महिन्यात ईबेने विक्रेत्यांना खरेदीदारावर नकारात्मक शेरा मारायची बंदी केली. तोवर दोन्ही बाजू एकमेकांना नोंदवून ठेवत होत्या. बंदीला कारणही होतं: वाईट शेऱ्याचा सूड म्हणून विक्रेते उलट शेरा मारायचे. पण तिथून पुढे बाजारात नाव फक्त दुकानदाराचं राहिलं, गिऱ्हाइकाचं पुसलं गेलं. मरोळला आई ज्यावर विसंबायची, ते हेच होतं.

टाळेबंदीच्या दोन वर्षांवर सगळ्यांचं लिहून झालं आहे. ऑर्डर वाढल्या, तक्रारी त्याच प्रमाणात वाढल्या. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं आणि आमच्या बंदरातल्या बोटी फुटल्या. त्या आगोटीला पाठवायला मालच नव्हता.

कायदा आमच्या विरोधात आहे, असं मला पूर्वी वाटायचं. वाचल्यावर तसं दिसलं नाही. मालविक्रीचा कायदा १९३० चा. त्याचं ४२ वं कलम सांगतं की गिऱ्हाइकाने वाजवी मुदत उलटेपर्यंत माल ठेवून घेतला आणि नाकारल्याचं कळवलं नाही, तर त्याने तो स्वीकारला असं धरायचं. वाजवी म्हणजे किती, हे कायदा सांगत नाही. ते मालावर आणि परिस्थितीवर सोडलंय. आईच्या शनिवारचीच ही सरकारी आवृत्ती म्हणा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आयोगाकडे जायला दोन वर्षं आहेत, पण तिथे पुरावा मागतात आणि दुसऱ्या बाजूचं ऐकतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्यात व्हावं असं ठरवलं. निवारण म्हणजे न विचारता परतावा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तो अर्थ पोर्टलांनी स्वतःच्या सोयीसाठी काढला. चौकशीला माणूस लागतो, माणसाला पगार लागतो, आणि परतावा दुकानदाराच्या खिशातून जातो. यात ग्राहकप्रेम शोधणाऱ्यांनी जरूर शोधावं.

पोर्टलच्या त्या वर्षांत मी काही सवयी लावून घेतल्या, त्या अजून आहेत. पाकीट काट्यावर ठेवून सील करतानाचा व्हिडिओ, त्यात बॅच क्रमांक दिसेल असा. सगळं बोलणं लेखी. फोनवर आवाज चढतात आणि हातात काही उरत नाही. कुणालाही 'तुम्ही खोटं बोलताय' म्हणायचं नाही. शंका कितीही पक्की असली, तरी तीनच गोष्टी मागायच्या: पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, उरलेल्या मासळीचा फोटो, आणि ठेवली कुठे त्याचं उत्तर. ज्याला खरंच त्रास झालाय तो माणूस हे दहा मिनिटांत पाठवतो, रागावलेला असला तरी. बाकीचे गप्प होतात. गिऱ्हाइकाने कार्डाने पैसे भरले असतील तर मात्र त्याचं गप्प होणं पुरत नाही. बँकेमार्फत तो मागाहूनही वाद घालू शकतो, साधारण १२० दिवसांपर्यंत. म्हणून व्हिडिओ खोडायचे नाहीत. आमच्या घरातल्या फोनमध्ये नातवंडांपेक्षा बोंबलांच्या चित्रफिती जास्त आहेत, असं आई म्हणते.

आता विक्री पुन्हा थेट, व्हॉट्सअ‍ॅपवर. यादी छोटी, नावं माहितीची, थोडी जुनीही. आई मरोळला जात नाही, गुडघे चालत नाहीत, पण तक्रार आली की मोबाइल तिच्यासमोर धरावा लागतो. परवा पुण्याहून एकीने लिहिलं: मेमधल्या वाकट्यांना वास येतोय, पैसे परत करा. नवीन गिऱ्हाईक, कुणाच्या तरी मैत्रिणीची मैत्रीण. मी नेहमीच्या तीन गोष्टी मागितल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं की डबा माहेरी सांगलीला राहिलाय, फोटो काढता येणार नाही. मग वास तुम्हाला पुण्यात कसा आला, हे मी टाईप केलं होतं. आईने ते खोडायला लावलं. तिने सांगितलं तसं लिहून पाठवलं: "ताई, माहेरी गेलात की डबा उघडा, फोटो पाठवा. आम्हाला घाई नाही."