उसळती वाळू आणि निसटता वायू

फुटाणेवाल्याच्या भट्टीपाशी आपण सारेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत. कढईतली तापलेली वाळू तो सारखी हलवीत असतो. कारण हात थांबला की तळचे चणे करपतात आणि वरचे कच्चे राहतात. आता कढईच्या बुडाला बारीक भोके पाडून खालून वारा सोडला, तर झाऱ्याचे काम वारा करील काय?

करील; पण वेग बेताचा हवा. वेग कमी असेल तर वारा कणांमधील फटींतून निघून जातो आणि वाळू जागची हलत नाही. वेग वाढवीत नेला की खालचा दाब वाढतो, आणि त्याचा जोर थराच्या वजनाइतका झाला की कण अधांतरी तरंगू लागतात. मग वाळू पाण्यासारखी वागते. पात्र कलते केले तरी पृष्ठभाग सपाट राहतो, कडेला भोक पाडले तर धार लागते. यंत्रशास्त्रात याला 'फ्लुइडाइज्ड बेड' म्हणतात; आपण 'उसळता थर' म्हणू.

जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांच्या पद्धतीने १९२६ पासून अशा थरात कोळशाचा वायू होऊ लागला. पुढे १९४२ साली अमेरिकेत बॅटन रूज येथे जड तेलापासून पेट्रोल करण्यासाठी तो योजिला गेला. या कामी लागणाऱ्या उत्प्रेरकाच्या कणांवर थोड्याच वेळात काजळी बसते. परंतु कण नळातून वाहू शकतात; म्हणून ते दुसऱ्या पात्रात नेऊन, हवेने काजळी जाळून, पुन्हा कामावर आणता येतात. मुंबईच्या माहुल भागातील तेलशुद्धी कारखान्यांतही हेच तत्त्व वापरले जाते.

येथवर सारे सुरळीत दिसते. अडचण आहे ती बुडबुड्यांची. थर तरंगू लागल्यावर जादा सोडलेला वायू बहुतांशी बुडबुडे होऊन वर धावतो. रासायनिक क्रिया घडते ती कणांच्या पृष्ठभागावर. बुडबुड्याच्या पोटात कण जवळजवळ नसतातच. तेव्हा आतला वायू बुडबुड्याची सीमा ओलांडून कणांपर्यंत पोहोचला तरच उपयोग. या देवघेवीला वस्तुमान-संक्रमण म्हणतात, आणि कारखान्याचे यश पुष्कळदा तिच्यावरच अवलंबून असते.

थोडा हिशेब करू. १० सेंटिमीटर व्यासाचा एकटा बुडबुडा सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटर चढतो. १ मीटर व्यासाचा सुमारे सव्वादोन मीटर. म्हणजे मोठ्याला थरात थांबायला वेळ कमी. शिवाय तेवढाच वायू दहापट व्यासाच्या बुडबुड्यांत भरला, तर देवघेवीचा एकूण पृष्ठभाग एकदशांश उरतो. त्यात आणखी एक गोष्ट केंब्रिजच्या डेव्हिडसन यांनी १९६१ साली दाखविली: वेगवान बुडबुड्यातला वायू बाहेर पडल्यासारखा होऊन पुन्हा त्याच बुडबुड्यात शिरतो, भोवतालच्या थरात फारसा मिसळत नाही.

प्रयोगशाळेतील अरुंद नळीत बुडबुडा नळीहून रुंद होऊ शकत नाही. कारखान्याच्या विशाल पात्रात त्याला आडकाठी नसते. टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल येथे १९५० च्या सुमारास नैसर्गिक वायूपासून पेट्रोल करण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. लहान पात्रात जेवढा वायू कामी येत असे, तेवढा मोठ्या पात्रात येईना. अखेर १९५७ साली तो बंद झाला. तेलाची स्वस्ताई हेही त्याचे एक कारण होते. पण रसायन तेच असून पात्र बदलताच फळ बदलले, हा धडा अभियंते विसरले नाहीत.

त्यातून उपाय निघाले. कण बारीक घ्यावेत, म्हणजे बुडबुडे फार फुगत नाहीत. थरात आडव्या जाळ्या बसवाव्यात, म्हणजे ते फुटतात. किंवा वेग इतका वाढवावा, की बुडबुडेच उरू नयेत आणि कण वायूबरोबर वर वाहावेत. आज तेलाचे विघटन बहुधा अशा उभ्या नळातच होते, आणि काजळी जाळण्याचे काम उसळत्या थराकडे राहिले आहे.

वरून पाहणाऱ्याला थर उकळताना दिसतो आणि सारे उत्तम मिसळते आहे असे वाटते. अभियंता मात्र बाहेर पडणारा वायू तपासतो. कणाला न भेटताच किती वायू निघून गेला, ते तेथेच कळते.